क्विनीनचे चार तास आणि नंतरचे अकरा दिवस

सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीमागे उभ्या असलेल्या बाईला लोक दुकानदार समजतात. चिठ्ठी आत सरकवायची, गोळ्या बाहेर घ्यायच्या, "जेवणाआधी की जेवल्यावर?" एवढं विचारायचं आणि निघायचं. माझी तीसेक वर्षं अशा खिडकीमागे गेली. दवाखाना वेंगुर्ल्याच्या आसपासचा, किनाऱ्यावरचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या गोष्टीत चूक झाली ती माझी आहे आणि ती गावाच्या माथी नको.

औषधनिर्माण अधिकारी हे माझं पद. नाव भारदस्त आहे, पण मी औषध कधी निर्माण केलं नाही. नोकरीला लागले तेव्हा खोकल्याचं मिश्रण मोठ्या बाटलीत ढवळायचे, एवढीच काय ती निर्मिती. बाकी काम म्हणजे साठा मोजणं, मुदत संपलेलं बाजूला काढणं, मागणीपत्र पाठवणं, आणि डॉक्टरांच्या अक्षरातून नेमकं औषध ओळखणं. या कामात भीती असते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. डॉक्टरला रोग्याची भीती असते. आम्हाला कपाटाची असते. वेळेला हात घातला आणि डबा रिकामा निघाला तर?

मलेरियाचं माझं पहिलं औषध क्विनीन. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून ते निघतं. मूळचं परदेशातलं झाड, आपल्याकडे निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे त्याच्या बागा केल्या गेल्या. चव अशी की पाणी पिऊन पिऊन जीभ धुवावी लागते. आमच्याकडे तापाला काडेचिराईत आणि सातविणीची साल द्यायची जुनी रीत आहे. ती घेतलेल्या लोकांना मी सांगायचे, हे त्याच्याहून कडू आहे, तयारीनं घ्या. सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त मास्तर मलेरियासाठी क्विनीनच्या गोळ्या घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, होड्या समुद्रात गेल्याच नाहीत तरी मला होडीचं मशीन ऐकू येतं. त्यांनी घाबरून गोळ्या बंद केल्या होत्या. क्विनीननं कानात घूं आवाज होतो, औषध संपलं की तो जातो, हे मी त्यांना द्यायच्या वेळी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझी एक सवय झाली. कुठलंही औषध आलं की डब्यातली घडी घातलेली माहितीपत्रिका उलगडून पूर्ण वाचायची. अक्षर मुंगीएवढं असतं. तरी वाचायची.

पुढं क्विनीन मागं पडलं. आर्टेसुनेट आलं. तेही वनस्पतीचंच. आपण देवाला दवणा वाहतो ना, त्या दवण्याची एक चुलत बहीण आहे. चीनमधली ही वनस्पती, पानं तशीच बारीक आणि वास तसाच उग्र. तिच्या पानांतून मूळ द्रव्य काढतात आणि त्यावर कारखान्यात प्रक्रिया करून इंजेक्शनची पूड बनवतात. क्विनीनपेक्षा लवकर काम करतं आणि कमी त्रास देतं. नव्या डॉक्टरांनी क्विनीन फक्त पुस्तकात वाचलेलं. माझ्या कपाटात मात्र दोन्ही असायचं. क्विनीनच्या डब्याकडे बघून तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, बाई, हे न खपणारं कशाला जागा अडवून ठेवलंय? मी हसून वेळ मारून न्यायचे.

निवृत्तीच्या आधीचं वर्ष. श्रावण चालू होता. शेतीची कामं अर्ध्यावर आलेली, पावसानं पाठ सोडलेली नव्हती. त्या दिवसांत आमच्याकडे ताप म्हटला की सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा लेप्टो येतो. उंदरांच्या लघवीनं शेतातलं पाणी दूषित होतं आणि पायाच्या जखमेतून आजार आत शिरतो. त्यामुळे सकाळच्या गर्दीत एका तरुणाची चिठ्ठी माझ्यापुढे आली, तिच्यावर लेप्टोच्या गोळ्या होत्या आणि रक्ततपासणी लिहिलेली होती, त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

तो सव्वीस-सत्तावीसचा असेल. इरफान. बंदराजवळच्या मोहल्ल्यातला. भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटलेले, ओठ सुकून पांढरे. चिठ्ठी त्याच्या आईनं धरलेली. हमीदाबींना मी तोंडओळखीनं ओळखत होते. नवरा वारल्यावर सुकी मासळी विकून त्यांनी मुलाला वाढवलं होतं. गोळ्या कापता कापता मी सवयीनं विचारलं, शेतात गेला होता का? त्या म्हणाल्या, आमची शेती खंय? बोटीवरसून इलो तो, पंधरा दिवस झाले.

माझी कात्री थांबली. "खंयची बोट?"

"त्येकाच इचारा. आफ्रिकेकडे जाता म्हणतत."

डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, बाहेरगावाहून आलास का, आणि त्यानं मुंबईहून आलो म्हणून सांगितलं होतं. तेही खरंच होतं. तो जहाजावर इंजिनखोलीत काम करायचा. मुंबईला उतरला, दोन दिवसांनी एसटीनं घरी आला. त्याच्या लेखी आफ्रिका म्हणजे बंदरात टेकलेले चार दिवस. तिथं रात्री उकाड्यामुळे सगळे वर डेकवर झोपायचे, हे त्यानं नंतर सांगितलं.

मी खिडकी बंद केली. रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली. चिठ्ठी घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर शिंदे लातूरकडचे, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. शिकलेले होते आणि मनानं चांगले होते. त्यांनी माझं ऐकलं, लगेच उठले आणि आमचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ नाईक यांच्याकडे त्याला स्वतः घेऊन गेले.

नाईकांनी बोटाला टोचून रक्त काचेवर घेतलं. काच वाळेपर्यंत इरफान बाकावर बसला होता. एकाएकी त्याची मान मागं गेली आणि हातपाय ताठ होऊन झटके यायला लागले. हमीदाबी त्याच्या पायांवर आडव्या पडल्या. झटके थांबले तेव्हा तो हाकेला नीट ओ देईना. त्याला आत खाटेवर नेलं. तेवढ्यात नाईक दारात येऊन उभे राहिले. एरवी बडबडे माणूस, तेव्हा एकच वाक्य बोलले. म्हणाले, फाल्सिपेरम आहे, मोजायला नको इतके आहेत.

मलेरियाचे प्रकार असतात. आपल्याकडे जास्त दिसतो तो माणसाला आडवा करतो, पण सहसा मारत नाही. फाल्सिपेरम मारतो. मेंदूपर्यंत जातो, मूत्रपिंड बंद पाडतो, आणि त्याला फार वेळ लागत नाही.

डॉक्टर म्हणाले, "परबबाई, आर्टेसुनेट काढा."

कपाटात आर्टेसुनेटच्या तीन कुप्या होत्या. तिन्हींची मुदत आदल्या महिन्यात संपली होती. मीच त्यांच्यावर लाल खूण करून त्या वेगळ्या खोक्यात ठेवल्या होत्या. नवीन साठ्याचं मागणीपत्र मी उन्हाळ्यात पाठवलं होतं. पाठवलं, एवढंच. त्याच्यामागं एकदाही फोन केला नव्हता. कित्येक वर्षांत आमच्याकडे असा रोगी आला नव्हता आणि मी निवांत झाले होते.

मी हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी विचारलं, मुदत संपलेलं दिलं तर काय होईल? मी म्हटलं, बहुतेक काही होणार नाही, पण पुरेसं काम करेल की नाही ते मला माहीत नाही. क्विनीन आहे. त्याची मुदत आहे.

"मी क्विनीन कधी दिलेलं नाही," ते हळूच म्हणाले.

"मी देताना बघितलंय," मी म्हटलं. "चार तास लावायचे. एक थेंब घाईनं जायला नको."

त्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या आपल्या वरिष्ठांना फोन लावला. आमची रुग्णवाहिका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन ओरोसला जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली होती, ती दुपारनंतर येणार होती. वरिष्ठांनी सांगितलं, नुकता झटका आलाय, रक्तदाब खाली आहे, आता रस्त्यावर काढू नका. आधी क्विनीन सुरू करा, साखर बघत रहा, आर्टेसुनेट मिळेल तिथून मागवा.

क्विनीन शिरेत एकदम ढकललं तर हृदय थांबू शकतं. म्हणून ते सलाईनच्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबानं सोडतात. डॉक्टरांनी वजनावरून मात्रा काढली, मी वेगळ्या कागदावर काढली, दोघांचे आकडे जुळले. तरी मी तिसऱ्यांदा काढली. पहिली अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद काचनळी, फोडताना काचेचा तुकडा आत गेल्याच्या संशयानं मी टाकून दिली. मग परिचारिकेनं थेंब लावले आणि मी घड्याळ धरून मोजले. माझं ते काम नव्हतं. पण मला खिडकीकडे परत जाववेना.

थेंब लागल्यावर मी फोनाफोनी सुरू केली. गोव्यात म्हापशाला माझ्या ओळखीचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्याकडे सहा कुप्या निघाल्या. त्यांनी त्या वेंगुर्ल्याकडे येणाऱ्या एसटीच्या वाहकाकडे दिल्या आणि त्याचा नंबर मला कळवला. किनाऱ्याच्या रस्त्यावर पाणी आलेलं, त्यामुळे गाडी हमरस्त्यानं इन्सुलीवरून येणार होती.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात इरफाननं डोळे उघडले. मोठ्यानं बोलायला लागला. म्हणाला, इंजिन कित्याक चालू ठेवलास, बंद कर. हमीदाबी माझ्याकडे बघायला लागल्या, डोक्यावर परिणाम झाला की काय म्हणून. मी त्यांना सांगितलं, औषधानं कानात आवाज होतो, घाबरू नका. मला तर बरंच वाटलं. कानात आवाज होतोय म्हणजे औषध पोचतंय. तो इंजिनखोलीतला माणूस, त्याला इंजिन ऐकू येणारच. तो मधून मधून तेच बोलत राहिला आणि मी थेंब मोजत राहिले.

याच वेळी माझा फोन वाजला. एसटीचा वाहक. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग होती. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत दारू शोधतात, ते त्यांचं कामच. वाहकानं पुडक्यात काचेच्या बाटल्या आहेत म्हणून आपणहून सांगून टाकलं होतं आणि आता नाक्यावरच्या साहेबांना मालक कोण ते हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर गोव्याहून बाटल्या आणल्याचा संशय आला. साहेब फोनवर आले. मी माझं नाव, पद, दवाखाना सांगितला. म्हटलं, सहा कुप्या आहेत, प्रत्येक अंगठ्याएवढी. एक मुलगा इथं पडलाय.

साहेब म्हणाले, "एसटी आणखी तीन ठिकाणी थांबत येईल. मी एखादी गाडी बघतो." वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात चाललेल्या एका गृहस्थांच्या मोटारीत त्यांनी ते पुडकं स्वतः ठेवलं आणि गाडीचा नंबर मला कळवला. त्या साहेबांना मी कधी बघितलं नाही.

फोन ठेवून मी खाटेपाशी आले तर हमीदाबींचा चेहरा उजळलेला. म्हणाल्या, बघा बाई, घाम फुटलो, ताप उतरलो. खरंच इरफानच्या कपाळावर घामाचे थेंब टपोरे उभे होते. बनियन भिजलं होतं. तो शांत पडला होता. इंजिनाचं बोलणं थांबलं होतं. परिचारिकेनंही हुश्श केलं. तापाला घाम सुटला की आपल्या घरात सगळ्यांनाच बरं वाटतं.

मी त्याचा हात हातात घेतला. हात गार होता. बर्फासारखा. मी हाक मारली, तो बोलला नाही. क्विनीनचा एक अवगुण आहे. ते रक्तातली साखर खाली पाडतं, आणि हा मलेरियाही पाडतो. साखर पडली की माणसाला असाच दरदरून घाम येतो, असाच तो शांत होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की झोपला. मी ओरडले असेन, कारण डॉक्टर बाहेरून धावत आले. बोटाला टोचून यंत्रात बघितलं. आकडा वाचून त्यांनी साखरेच्या पाण्याची मोठी सिरिंज मागितली.

ती सिरिंज भरून त्यांच्या हातात देईपर्यंत किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मिनिटभर असेल. शिरेतून साखर जात होती आणि आम्ही सगळे त्याच्या पापण्यांकडे बघत होतो. हमीदाबींना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आमच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. त्यांनी पदर तोंडात धरला होता. मग त्याच्या पापण्या हलल्या. त्यानं जीभ ओठांवरून फिरवली आणि पाणी मागितलं.

पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी त्याच्या बोटाला टोचलं. बोटं पुरेनात म्हणून दुसरा हात घेतला.

चौथा तास संपता संपता ती मोटार आली. आर्टेसुनेटची कुपी म्हणजे तळाशी चिमूटभर पांढरी पूड. तिच्यात सोबतच्या अँप्यूलमधलं पाणी सोडलं की ती दुधाळ होते आणि मिनिटभरात निवळून काचेसारखी स्वच्छ होते. निवळली नाही तर फेकून द्यायची, असा नियम. त्याच्या वजनाला एका वेळी तीन कुप्या लागत होत्या. पहिल्या दोन लगेच निवळल्या. तिसरी गढूळच राहिली. मी ती खिडकीच्या उजेडाकडे धरून हलवत उभी राहिले. डॉक्टर माझ्या शेजारी. दोघांनाही ठाऊक होतं की ही फेकली तर पुढच्या मात्रेला एक कमी पडणार. मग हळूहळू ती निवळली आणि तिच्यातून मला बाहेरचा माड स्पष्ट दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाईकांनी मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. आदल्या दिवशीची काच आणि आजची काच, दोन्ही दाखवल्या. कालच्या काचेवर तांबड्या पेशींत मलेरियाच्या जंतूंच्या बारीक अंगठ्याच अंगठ्या. आजच्या काचेवर शोधाव्या लागत होत्या. तो सुधारतोय म्हणून वरिष्ठांनी त्याला आमच्याकडेच ठेवायला सांगितलं. बाकीच्या कुप्या जिल्ह्याहून आल्या, मग गोळ्यांवर आणलं. पाचव्या दिवशी इरफान स्वतःच्या पायांनी शौचालयात गेला तर अख्ख्या वॉर्डनं बघितलं.

घरी सोडायच्या सकाळी हमीदाबी माझ्या खिडकीशी आल्या. गर्दी ओसरेपर्यंत थांबल्या. मग खाली बघत विचारलं, "चार दिस मिया त्येका सातविणीची साल दिलंय, उकळून. माझ्या काढ्यान तर नाय ना ह्या झाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "काढ्यान नाय झाला, हमीदाबी. चार दिस गेले, त्येच्यान झाला." त्यांनी मान हलवली. मग मला विचारलं की तुमचं औषध तरी कशाचं? मी म्हटलं, तेही झाडापाल्याचंच. मग माझा सातविणीचा काय वाईट, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण तोंडावर होतं. मी समजावलं. पानात औषध किती आहे ते पानाला माहीत नसतं. एका झाडात जास्त, दुसऱ्यात कमी, उकळल्यावर आणखी कमी. कुपीत ते मोजून असतं, म्हणून तिचा भरवसा. आणि काही झाडांत ते नसतंच, नुसता कडूपणा असतो. त्यांना किती पटलं कोण जाणे. त्यांनी माझा हात धरला आणि गेल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं. मी त्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, जेवणखाण सांगितलं, आणि गणपतीच्या सुट्टीवर गेले.

आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटवी बांधली, भजनं झाली, विसर्जन झालं. मी पुन्हा कामावर आले. दुपारी खिडकी बंद झाल्यावर मुदत संपलेल्या त्या तीन कुप्या परत पाठवायचे कागद करायला बसले. बॅच नंबर नीट दिसेना म्हणून कुप्या डब्यातून बाहेर काढल्या आणि त्यांच्याबरोबर हाती आलेली पत्रिका उलगडली. आर्टेसुनेटची पत्रिका मी पूर्वी वाचली होती. पण ती जुनी होती. ही नंतरच्या साठ्यातली, आणि ती मी उलगडलीच नव्हती. खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, एक परिच्छेद. हे औषध दिल्यावर काही रोग्यांमध्ये एक ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी एकदम फुटू लागतात. रक्त झपाट्यानं कमी होतं. रोग्याला त्याची कल्पना द्यावी आणि चार आठवडे रक्त तपासत राहावं. अंगात जंतू फार होते अशांना हा धोका जास्त.

मी कोणालाच कल्पना दिली नव्हती. डॉक्टरांना ते माहीत होतं की नाही ते मी विचारलं नाही. सांगायचं काम खिडकीचं आहे, असं मी स्वतःच हाताखाली आलेल्या सगळ्या नव्या मुलींना शिकवत आले होते. इरफानला घरी जाऊन अकरा दिवस झाले होते.

केसपेपरवरच्या नंबरवर फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. डॉक्टरांना सांगून मी रिक्षा केली. बंदरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत मी मनाशी किती वेळा म्हटलं की काही रोग्यांमध्ये म्हणजे सगळ्यांमध्ये नव्हे. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटत नाही का?

दार उघडंच होतं. इरफान आतल्या खोलीत चादर पांघरून पडला होता. भिंतीशी त्याची बॅग भरून तयार होती. दोन दिवसांनी मुंबईला कंपनीच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. हमीदाबी चुलीपुढं सूप ढवळत होत्या. मला बघून हसल्या. म्हणाल्या, अशक्तपणा आसा अजून, जिनो चढलो तरी धाप लागता, खाल्ल्यान की बरो जातलो.

मी त्याला उजेडात बसवलं. डोळे हळदीसारखे पिवळे. खालची पापणी ओढून बघितली तर आत लाल रंगच नाही. नखं कागदासारखी. मी लघवीचा रंग विचारला. त्याला आईपुढं बोलायला लाज वाटली. मग म्हणाला, कोकमाच्या आगळासारखी गडद लाल, तीन दिवस झाले.

हमीदाबी दारात उभ्या होत्या, हातात डाव. मला वाटलं, आत्ताच बोललं नाही तर पुढं कधीच बोलणार नाही. मी म्हटलं, "ज्या औषधान तो वाचलो, त्येचोच ह्यो परिणाम. असा होवक शकता ह्या मिया तुमका सांगूक व्हया होता. सांगूक नाय. ही चूक माझी आसा."

मला वाटत होतं त्यांनी काहीतरी म्हणावं, शिवी दिली तरी चालेल. त्यांनी मागं वळून चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं, खुंटीवरचा त्याचा शर्ट काढला.

"आता खंय न्हेवचा ता सांगा," त्या म्हणाल्या.

या वेळी रुग्णवाहिका दारात होती. नाईकांनी रक्त तपासलं आणि नुसता कागद डॉक्टरांपुढं धरला. डॉक्टर शिंदे स्वतः गाडीत बसले. मीही बसले, मला कोणी बस म्हटलं नव्हतं. मोठ्या रुग्णालयात त्याला रक्त चढवलं, एक पिशवी, मग दुसरी, मग तिसरी. त्याचा गट सहज मिळण्यातला नव्हता. एक पिशवी आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकानं दिली, एक मोहल्ल्यातल्या मौलवींच्या भावानं. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांनी हा मुंबईच्या गाडीत बसला असता तर वाटेतच काही झालं असतं. हे त्यांनी सहज सांगितलं. मी जिन्यात जाऊन बसले.

तीन आठवड्यांनी त्याच्या पेशी फुटायच्या थांबल्या. दिवाळीपर्यंत गालांवर रंग आला. उरलेल्या वर्षभरात मी एक केलं. आर्टेसुनेट घेतलेला रोगी घरी निघाला की त्याच्या केसपेपरवर चार तारखा लाल शाईनं लिहायच्या आणि त्या तारखांना आपण फोन करायचा. असे रोगी दोनच आले. दोघांनाही काही झालं नाही. दोघंही माझ्या फोनला कंटाळले.

मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या गणपतीनंतर माझं कामातलं सुख गेलं. साधी तापाची गोळी देताना हात थबकायचा. रात्रीची मी सगळं आठवायचे, आज कोणाला काय दिलं, काय सांगायचं राहिलं. लोक म्हणायचे, परबबाई फार काळजी घेतात. काळजी कसली, ती धास्ती होती.

पुढच्या वर्षी इरफान पुन्हा जहाजावर गेला. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासून पास केलं. जायच्या आधी मला भेटला. मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, त्या कधी सुरू करायच्या, परत आल्यावर किती दिवस घ्यायच्या, सगळं मी त्याला लिहून दिलं आणि त्याच्याकडून पाठ म्हणून घेतलं. मच्छरदाणी बॅगेत आहे ना ते उघडून बघितलं. नको जाऊ, हे शब्द माझ्या तोंडावर आले होते. पण त्याला सांगण्याचा मला काय हक्क? त्याच्या घरात तोच मिळवता होता.

माझ्या निवृत्तीला चार दिवस राहिले असताना हमीदाबी रांगेत दिसल्या. त्यांनी चिठ्ठी आत सरकवली. मुलगा बोटीवर गेल्यापासून झोप येत नाही, छातीत धडधडतं, म्हणून डॉक्टरांनी तपासलं होतं, सगळं ठीक होतं, ताकदीच्या गोळ्या लिहिल्या होत्या. मी गोळ्या कापल्या, पुडीत घातल्या. सांगितलं, रोज एक, जेवल्यावर.

त्या पुडी घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. मागं रांग वाढत होती.

"ह्येनी भय जाता काय, बाई?"

"नाय," मी म्हटलं. "माझा खंय गेला हा."

मग खिडकीच्या जाळीतून हात आत घालून त्यांनी माझी बोटं धरली, आणि मागच्या माणसानं काय खोळंबा आहे म्हणून विचारेपर्यंत सोडली नाहीत.